सालबाईच्या वाटेवरचे नागपूर

शाळेच्या पुस्तकात सालबाईचा तह एका ओळीत आटोपतो. १७८२ साली महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने इंग्रज आणि मराठे यांच्यात तह झाला आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध संपले, एवढेच. आमच्या भागात या ओळीला एक तोंडी पुरवणी जोडली जाते: त्या युद्धात नागपूरकर भोसले इंग्रजांना फितूर होते. ही पुरवणी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि ती ऐकताना थोडे अवघडल्यासारखेही होते. कारण मी सिंदेवाहीचा. आमचा हा झाडीपट्टीचा मुलूख गोंडराजांच्या चांद्याचा. १७५१ मध्ये पहिल्या रघूजी भोसल्याने चांदा घेतला, आणि १७५५ मध्ये तो वारल्यावर मुलांत वाटणी झाली तेव्हा नागपूर व सेनासाहेबसुभा हे पद जानोजीकडे गेले, तर चांदा मुधोजीच्या वाट्याला आला. फितुरीचा आरोप आहे तो याच मुधोजीवर. म्हणजे आरोपी आमचा जुना धनी.

आरोप खोटा आहे असे सिद्ध करण्यासाठी हा लेख नाही. तसे करता येणारही नाही. पैशाचे आकडे समोर आहेत. पण त्या काळचे युद्ध कसे संपवले जाई, तहाची बोलणी कोण, कोणासाठी आणि कोणाच्या जिवावर करी, हे नीट पाहिले की ‘फितूर’ हा शब्द अपुरा पडतो. मुधोजीची खरी चूक मला वेगळ्याच ठिकाणी दिसते.

आधी हे युद्ध नेमके कोणते ते पाहू. रघुनाथरावाला पेशवेपदावर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, त्यातून ते सुरू झाले, हे खरे. पण १७७८ पासून ते एका फार मोठ्या युद्धाचा भाग बनले. अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध बंड केले होते, फ्रान्स त्यांच्या बाजूने उतरला होता. ही बातमी जुलै १७७८ मध्ये कलकत्त्याला पोचताच वॉरन हेस्टिंग्जने चार दिवसांच्या आत फ्रेंचांचे चंद्रनगर ताब्यात घेतले. पुण्यात त्याच्या आदल्या वर्षी सेंट लुबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ नाना फडणीसाच्या दरबारी येऊन राहिला होता. त्याच्या बोलण्यात किती दम होता हा प्रश्नच आहे, पण कलकत्त्याची झोप उडवायला तो पुरेसा होता. फिलाडेल्फिया, पॅरिस, पुणे आणि म्हैसूर ही नावे एका पटावर आली ती अशी. आणि नकाशा उघडून पाहिला तर या पटाच्या मधोमध नागपूरचे राज्य पसरलेले दिसते. पूर्वेला ओरिसा भोसल्यांचा, म्हणजे कलकत्ता आणि मद्रास यांना जोडणारी जमिनीवरची वाट त्यांच्या हद्दीतून जाणारी. उत्तरेला नर्मदेचे खोरे त्यांच्या हाताशी, म्हणजे बंगालची फौज मुंबईकडे निघाली तर तिलाही भोसल्यांची मर्जी सांभाळणे भाग. हेस्टिंग्जला हे नागपूरकरांच्याही आधी उमगले असावे.

१७७८ च्या उन्हाळ्यात त्याने कर्नल लेस्लीच्या हाताखाली एक फौज काल्पीहून पश्चिमेकडे धाडली आणि त्याच पावसाळ्यात अलेक्झांडर इलियट या आपल्या विश्वासातल्या तरुणाला नागपूरकडे रवाना केले. इलियटच्या पिशवीत एक मोठे आमिष होते. साताऱ्याचे रामराजे १७७७ च्या अखेरीस वारले होते. मुधोजी आडनावाने भोसला. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर त्याने हक्क सांगावा आणि इंग्रजांनी पाठ राखावी, अशी ती कल्पना. नागपूरकर भोसले शिवछत्रपतींच्या वंशातले नव्हेत हे महाराष्ट्रात कोणीही सांगितले असते, पण कलकत्त्यात बसून आडनावावरून राजकारण रचले की असे होते. इलियटने वाटेत कटकला, चंद्रनगरहून निसटलेला फ्रेंच गव्हर्नर शेव्हालिए याला गाठून धरले. पुढे छत्तीसगडात शिरल्यावर त्याला ताप भरला आणि सप्टेंबरात सारंगडजवळ तो वारला. वय वर्षे तेवीस. आपल्याकडच्या झाडीतला पावसाळी ताप परक्या माणसाला काय करतो हे इथल्या लोकांना निराळे सांगायला नको.

इकडे लेस्लीही वाटेत वारला. त्याच्या जागी आलेला गॉडर्ड डिसेंबरात होशंगाबादला नर्मदेवर येऊन थांबला, तो मुधोजीच्या उत्तरासाठी. मुधोजीने ना होकार दिला, ना नकार. आपण हेस्टिंग्जला नवे पत्र लिहिले आहे, त्याचे उत्तर येऊ द्यावे, असा निरोप पाठवला. नागपूर ते कलकत्ता जासूद जाऊन परत यायचा, म्हणजे वेळ किती ते आलेच. गॉडर्ड जानेवारी १७७९ मध्ये कंटाळून निघाला. तोवर वडगावला मुंबईकरांची फौज मराठ्यांच्या वेढ्यात सापडून शरण आली होती. गॉडर्ड होशंगाबादला अडकून पडला नसता तर वडगाव कसे झाले असते, हा प्रश्न मनात येतो. फितुरीचा आरोप करणारे या खोळंब्याचा हिशेब सहसा धरत नाहीत.

उत्तर न देता वेळ काढण्याची ही विद्या ज्याची, तो माणूस म्हणजे मुधोजीचा दिवाण दिवाकर पुरुषोत्तम चोरघडे, लोकांचा देवाजीपंत. नरखेडचा. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहेच: सखारामबापू बोकील, निजामाकडचा विठ्ठल सुंदर आणि आमचा देवाजीपंत हे पूर्ण शहाणे, आणि नाना फडणीस अर्धा, कारण मुत्सद्देगिरीत तो तोडीचा असला तरी तलवारीत नव्हता. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर दर भाऊबीजेपासून शंकरपटांबरोबर नाटकांचा हंगाम सुरू होतो. ऐतिहासिक नाटके मी तिथे पुष्कळ पाहिली, पण देवाजीपंत रंगमंचावर आलेला मला आजवर दिसला नाही. नाट्य त्याच्या आयुष्यात कमी होते म्हणून नव्हे. तो जे करी त्यात टाळ्या घेणारा प्रवेशच नसे. तो फक्त उशीर करी.

या उशिराचा सर्वांत मोठा प्रयोग १७७९ च्या दसऱ्यानंतर सुरू झाला. नाना फडणीस, निजाम, हैदर अली आणि भोसले अशी इंग्रजांविरुद्ध चौघांची एकजूट ठरत होती. कामे वाटली गेली: हैदरने कर्नाटकावर जावे, निजामाने उत्तर सरकारांवर, पुण्याने गुजरात आणि कोकण सांभाळावे, आणि भोसल्याने बंगालवर चालून जावे. मुधोजीचा मुलगा खंडोजी ऊर्फ चिमणाबापू तीस हजार स्वार घेऊन नागपुरातून निघाला. बंगालच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नव्हती. १७४२ नंतरची काही वर्षे भोसल्यांच्या फौजांनी बंगाल जो उद्ध्वस्त केला, त्या ‘बर्गी’ स्वारांची भीती तिथल्या अंगाईगीतांतून आजही मुलांना घातली जाते. त्या स्वाऱ्यांच्या शेवटी, १७५१ मध्ये, अलीवर्दीखानाने ओरिसाचा वसूल सोडला आणि वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली. इंग्रजांनी १७६५ मध्ये बंगालची दिवाणी घेतली आणि चौथाईचे नाव काढणे बंद केले. तेव्हापासूनचीच बाकी धरली तरी १७८० पर्यंत ती एक कोटी ऐंशी लाख होते. चिमणाबापू जायला निघाला तेव्हा नागपूरच्या हाती ही एवढी थकबाकी होती.

नागपूर ते कटक आजच्या रस्त्याने आठशे किलोमीटरच्या आसपास. चिमणाबापू ऑक्टोबर १७७९ मध्ये निघाला आणि कटकला पोचला मे १७८० मध्ये. सात महिने. सरासरी काढली तर दिवसाला चार किलोमीटर होतात; बैलगाडीचा मुलगाही याहून लांब जातो. तुलनेसाठी सांगतो, गॉडर्डची पायदळ-तोफांची फौज बऱ्हाणपूरहून सुरतेला तीनशे मैल वीस दिवसांत गेली होती. चिमणाबापू पोचला तेव्हा पावसाळा तोंडावर, म्हणजे बंगालवरच्या चढाईचा हंगाम संपलेला. हा योगायोग नव्हता. मुधोजीने हेस्टिंग्जला आधीच कळवून ठेवले होते की पुण्याच्या दडपणामुळे फौज पाठवावी लागते आहे, तिच्याकडून उपद्रव होणार नाही. आणि पुण्याला सांगितले जात होते की फौज निघालीच आहे.

म्हणजे फितुरी झालीच की! हो, चौघांच्या कराराच्या दृष्टीने झाली. पण पुण्याकडून नागपूरला काय मिळाले होते तेही पाहायला हवे. जानोजी वारल्यावर साबाजी आणि मुधोजी यांच्यात वारशाचा तंटा लागला, तेव्हा सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे पुण्याहून कधी याला, कधी त्याला मिळत राहिली. शेवटी जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावला भावाभावांची लढाई झाली आणि साबाजी मुधोजीच्या हातून मारला गेला. भावाच्या रक्ताने मिळालेली सत्ता पुण्याच्या एका सनदेने पुन्हा हलू शकते, ही धास्ती मुधोजीच्या मनातून गेली असेल असे मला वाटत नाही. यादव माधव काळे यांच्या ‘नागपूर प्रांताचा इतिहास’मध्ये हा तंटा वाचताना जाणवते की मुधोजीला इंग्रजांहून नानाची भीती अधिक होती. घरात भांडण असले की शेजाऱ्याशी गोड बोलावे लागते, एवढे साधे राजकारण.

कटकला बसलेल्या तीस हजार स्वारांना मात्र खायला लागत होते. पगार थकले होते. दरम्यान हैदरने कर्नाटकात मुसंडी मारून १० सप्टेंबर १७८० रोजी पोल्लिलूरला कर्नल बेलीची सारी फौज कापून काढली. हिंदुस्थानात तोवर इंग्रजांचा एवढा मोठा पराभव झाला नव्हता. मद्रासला मदत पाठवायची तर कर्नल पिअर्सच्या पलटणी भोसल्यांच्या ओरिसातूनच जायला हव्या होत्या. आता हेस्टिंग्जने थैली सैल केली. आधी तीन लाख, मग एप्रिल १७८१ च्या करारात तेरा लाख, आणि शिवाय दहा लाखांचे कर्ज. कटकचा सुभेदार राजारामपंत कलकत्त्याला जाऊन हे बोलणे करून आला. दुसऱ्या बाजूने डेव्हिड अँडरसन होता. पिअर्स कोणतीही आडकाठी न होता ओरिसातून पार झाला. चिमणाबापूने आपल्या स्वारांना काम म्हणून धेंकानाळच्या राजाशी लढाई काढली. गंमत अशी की या सगळ्या प्रकरणातून साहित्याला एवढेच मिळाले: ब्रजनाथ बडजेना या ओडिया कवीने धेंकानाळच्या त्या लढाईवर ‘समरतरंग’ हे काव्य लिहिले. ओडिया साहित्यात त्याचे नाव आजही घेतले जाते. आपल्याकडे त्या स्वारीवर पोवाडा असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पोवाडा रचायचा तरी कशावर, न लढण्यावर?

सोळा लाख रोख आणि दहा लाख कर्ज. एक कोटी ऐंशी लाखांच्या थकबाकीसमोर हा आकडा ठेवून पाहावा. आणि ते पैसे चौथाई म्हणून दिले गेले नाहीत. मदत म्हणून दिले गेले, म्हणजे हक्काची बाब खैरातीत गेली. इकडे हेस्टिंग्जलाही ते पैसे पुढे पचले नाहीत. लंडनला त्याच्यावर महाभियोग चालला तेव्हा पहिल्या रकमेतला काही भाग त्याने कुठून आणला होता, हेही विचारले गेले.

पण माझा मुद्दा पैशाचा नाही. पोल्लिलूरनंतर, ऑक्टोबर १७८० मध्ये, हेस्टिंग्जने पुण्याशी तह करण्याचा एक मसुदा तयार केला आणि तो पाठवला नागपूरला. मुधोजीने मध्यस्थ व्हावे आणि तहाची हमी घ्यावी, अशी त्याची इच्छा होती. सालबाईच्या दीड वर्ष आधी ही संधी नागपूरच्या दारी चालून आली होती. कलकत्त्याला भोसल्यांचा वकील बेणीराम पंडित हा हेस्टिंग्जच्या इतका जवळचा होता की ऑगस्ट १७८१ मध्ये बनारसला चैतसिंगाचा उठाव होऊन हेस्टिंग्ज चुनारला पळाला, तेव्हाही हा वकील त्याच्या सोबत राहिला आणि आपल्याकडची एक लाखाची रोकड त्याने पुढे केली. यापेक्षा अधिक सोयीची वाट कोणत्याही मध्यस्थाला मिळाली नसती.

आता मध्यस्थ म्हणजे काय, हे थांबून पाहायला हवे. दोन भांडणाऱ्यांत निरोप पोचवणारा तो मध्यस्थ, असे आज आपण समजतो. अठराव्या शतकात मध्यस्थ हमीदारही असे. एकाने शब्द मोडला तर दुसऱ्याच्या बाजूने उभे राहण्याचा त्याला हक्क मिळे, आणि म्हणून तह झाल्यानंतरही दोघांना त्याची मर्जी राखावी लागे. तह करणाऱ्यांना मुलूख मिळे किंवा जाई. हमीदाराला वजन मिळे. हे वजन पेलायला एकच गोष्ट लागे: दोन्ही पक्षांना तुमची भीती वाटली पाहिजे. मुधोजीची पुण्याला खात्री नव्हती आणि कलकत्त्याला भीती उरली नव्हती. जो सोळा लाखांत थांबतो त्याची किंमत सोळा लाख, हे हेस्टिंग्जला कळून चुकले होते. नाना तर नागपूरमार्फत बोलायलाच तयार नव्हता. आणि अशा वेळी ज्याला एखादी तोड सुचली असती तो देवाजीपंत १७८१ मध्ये वारला.

महादजीने उलट केले. त्याने लढून दाखवले, हारूनही दाखवले. १७८० च्या ऑगस्टात ग्वाल्हेरचा किल्ला पॉपहॅमने रात्रीच्या छाप्यात घेतला, पुढच्या मार्चमध्ये कॅमॅकने त्याच्या छावणीवर घाला घातला. पण त्याच सुमाराला गॉडर्ड बोरघाटातून मार खात मागे फिरला होता. दोघांनाही दम लागला होता. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी महादजीने कर्नल मूरशी स्वतंत्र समेट केला: तो तटस्थ राहील आणि पुण्याशी तह घडवून आणील. कराराचा शब्द पाहिला तर हेही एकट्याने केलेलेच बोलणे. पण याला कोणी फितुरी म्हणत नाही, कारण महादजीने पैशाऐवजी मध्यस्थी घेतली. नागपूरच्या राजारामपंताशी बोलणी करणारा तोच डेव्हिड अँडरसन आता शिंद्यांच्या छावणीत आला आणि १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेला सालबाईला तह झाला.

सतरा कलमे होती. साष्टी इंग्रजांकडे राहिली. वसई आणि पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला मुलूख परत मिळाला. रघुनाथरावाचा पक्ष इंग्रजांनी सोडला आणि त्याला महिना पंचवीस हजारांची नेमणूक ठरली. हैदरने इंग्रजांचा आणि अर्काटच्या नबाबाचा जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत सोडावा, याची जबाबदारी पेशव्यांनी घेतली. पोर्तुगीजांखेरीज दुसऱ्या युरोपीयांना मराठी मुलखात नव्या वखारी घालू देऊ नयेत, असेही कलम होते, म्हणजे फ्रेंचांचे दार बंद. या शेवटच्या दोन कलमांत पॅरिसची सावली स्पष्ट दिसते.

हेस्टिंग्जने तीन आठवड्यांत मंजुरी दिली. नानाने सात महिने दिली नाही. हैदरला दिलेला शब्द मोडायचा तर तो पुरेपूर किंमत घेऊन, किंवा हैदरच्या मदतीने साष्टी परत मिळते का ते पाहून, असा त्याचा विचार होता. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला आणि २० डिसेंबरला नानाने तहावर मोहोर उठवली. हैदरच्या मृत्यूची बातमी पोचली म्हणूनच, असे बहुतेक इतिहासकार मानतात. अर्धा शहाणा देवाजीपंताचीच विद्या वापरत होता. फरक एवढाच, की त्याच्या उशिराचे दाम कोणी रोखीने चुकवून टाकू शकले नाही.

याच आठवड्यांत पॅरिसमध्ये काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. फ्रान्सखेरीज एकट्याने तह करणार नाही, असा अमेरिकनांचा करार होता. तरीही फ्रँकलिन, जे आणि अ‍ॅडम्स यांनी फ्रेंच मंत्री व्हेर्जेन याला न सांगता इंग्रजांशी बोलणी पुरी केली आणि ३० नोव्हेंबर १७८२ रोजी प्राथमिक मसुद्यावर सह्या केल्या. त्यानंतर फ्रँकलिनने त्याच व्हेर्जेनकडे नवे कर्ज मागितले आणि साठ लाख लिव्हर मिळवलेही! हा किस्सा अमेरिकेत मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून सांगितला जातो. मुधोजीला फ्रँकलिनसारखा चरित्रकार मिळाला नाही, एवढे म्हणून पुढे जातो.

फ्रान्स आणि इंग्लंड यांचा प्राथमिक समेट २० जानेवारी १७८३ ला झाला, पण बातमी समुद्रावरून यायची होती. जूनमध्ये कडलूरपुढे सफ्रेन आणि इंग्रजांचे आरमार पुन्हा लढले, जमिनीवरही माणसे मेली. युद्ध संपून पाच महिने झाले होते आणि मरणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. जूनच्या अखेरीस बातमी आली, फ्रेंच बाजूला झाले आणि टिपू एकटा पडला. त्याने ११ मार्च १७८४ ला मंगळूरचा तह केला तो स्वतःच्या हिमतीवर, मराठ्यांच्या मध्यस्थीविना. सालबाईत हैदरसाठी घेतलेली जबाबदारी कागदावरच राहिली.

महादजी मात्र कागदावर राहिला नाही. अँडरसन त्याच्या छावणीत इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून राहू लागला, आणि १७८४ च्या अखेरीस दिल्लीच्या बादशहाने पेशव्यांना दिलेल्या वकील-इ-मुतलकीचा कारभार महादजीच्या हाती आला. उत्तर हिंदुस्थानात त्याने जे केले त्याची सुरुवात सालबाईच्या हमीपासून झाली. रघुनाथराव कोपरगावला जाऊन राहिला आणि डिसेंबर १७८३ मध्ये वारला. मुधोजी १७८८ पर्यंत जगला. त्याने राज्य मुलासाठी, दुसऱ्या रघूजीसाठी, शाबूत ठेवले, चांदाही आणि कटकही. तेवढ्यापुरते पाहिले तर त्याचा व्यवहार फसला असे म्हणता येत नाही. पाचगावानंतर त्याला जे हवे होते ते बहुधा एवढेच होते.

१८०३ मध्ये इंग्रज आणि मराठे पुन्हा लढले तेव्हा कर्नल हार्कोर्टची फौज सप्टेंबरात गंजामहून निघाली, पुरीवरून कटकला आली आणि १४ ऑक्टोबरला तिने बाराबातीचा किल्ला घेतला. सव्वा महिना लागला. १७ डिसेंबरला देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजीने कटक लिहून दिले. या वेळी बोलणी करायला मध्ये कोणी नव्हते.